टॅपेट कव्हरचे पॅकिंग बदलणे

मोटारीच्या इंजिनावरचे झाकण आणि त्याखालचे सिलिंडर हेड यांच्या सांध्यातून ऑइल बाहेर येऊ न देणारी पट्टी जुनी झाल्यावर काढून नवी बसवण्याचे काम. कंपनीच्या पुस्तिकेत या झाकणाला व्हॉल्व्ह कव्हर म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागातल्या गॅरेजांत ते टॅपेट कव्हर असते आणि त्या पट्टीला, म्हणजे गॅस्केटला, पॅकिंग म्हणतात. मराठी गाडीमालक ‘ऑइल गळतंय’ म्हणतो, कन्नड मेस्त्री ‘ऑइल सोराकत्तैती’ म्हणतो, आणि दोघे बोट एकाच जागी ठेवतात.

अँबॅसिडर, पद्मिनीच्या काळात झाकण पत्र्याचे आणि पॅकिंग बुचाचे असे. टॅपेट सेटिंगसाठी, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवण्यासाठी, झाकण वरचेवर उघडावे लागे, त्यामुळे पॅकिंग बदलणे ही नेहमीची बाब होती. आजच्या गाड्यांत झाकण ॲल्युमिनियमचे किंवा प्लॅस्टिकचे असते आणि पॅकिंग झाकणाच्या खाचेत बसणारे रबरी असते. ते वर्षानुवर्षे टिकते. पण इंजिनाच्या उष्णतेने रबर हळूहळू कडक होते, चपटे होते आणि ऑइल पाझरू लागते.

पाझरलेले ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर पडले की जळका वास येतो. सपाट महामार्गावर तो जाणवत नाही. जांबोटी-कणकुंबीमार्गे चोर्ला घाटातून गोव्याहून परतताना, गाडी कमी वेगाने चढत असताना, एसीच्या झरोक्यातून तो आत येतो. पेट्रोल गाड्यांत, विशेषतः प्रत्येक स्पार्क प्लगवर ठिणगीसाठी स्वतंत्र कॉइल असलेल्या इंजिनात, ऑइल प्लगच्या खोल नळीत उतरते आणि गाडी झटके देऊ लागते. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी बॉनेट उघडून इंजिन धुताना ही गळती बऱ्याच जणांना पहिल्यांदा दिसते; मात्र त्याच वेळी पाण्याचा फवारा कॉइलवर मारला तर नळीत पाणी साचून ऐन पूजेच्या दिवशी गाडी मिसिंग करते, म्हणजे अडखळत चालते. मागून निघणाऱ्या निळ्या धुराचा या पॅकिंगशी संबंध नसतो. गळती शोधावी ती वरून खाली. ऑइल ओघळत तळाशी जाते आणि दोष मात्र क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, मागच्या सीलला दिला जातो. ते सील बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून आधी इंजिनाचा माथा पुसून, थोडी गाडी चालवून पुन्हा बघणे शहाणपणाचे.

काम थंड इंजिनावर करतात. बॅटरीची ऋण तार सोडून कॉइल, त्यांची वायरिंग आणि ब्रीदरची (इंजिनातली वाफ बाहेर काढणारी) नळी काढावी. जोड्यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. प्लगची नळी ऑइलने भरली असेल तर प्लग काढण्याआधी ते टिपून घ्यावे, नाहीतर ते थेट सिलिंडरमध्ये जाते. बहुतेक गाड्यांत झाकणाचे बोल्ट दहा मिलिमीटरच्या गोटीने (सॉकेटने) निघतात. झाकण चिकटून बसले असेल तर रबरी हातोडीने हलके ठोकावे. सांध्यात पेचकस घालून उचकटल्यास ॲल्युमिनियमवर चर पडते आणि ती जागा पुन्हा गळते. हेडचा काठ प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावा आणि आतल्या उघड्या भागावर स्वच्छ कापड टाकावे. पॅकिंगचा तुकडा आत पडला तर तो ऑइलच्या वाटेत अडकू शकतो.

नवे पॅकिंग खाचेत कोरडेच बसते. टायमिंग कव्हर (टायमिंग चेनवरचे झाकण) आणि हेड जिथे मिळतात त्या कोपऱ्यांत, पुस्तिकेत सांगितले असेल तेवढाच, सिलिकॉनचा लहान ठिपका द्यावा. सगळ्या काठाला सिलिकॉन फासणे ही गॅरेजांतली वाईट खोड आहे. जादा सिलिकॉन आत सुटून ऑइलच्या जाळीत जाऊन बसते. प्लगच्या नळ्यांची सीलेही याच वेळी बदलावीत.

बोल्ट मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन फेऱ्यांत आवळतात. बारीक, सहा मिलिमीटर जाडीच्या बोल्टला साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर एवढाच जोर लागतो, म्हणजे मनगटाचा, खांद्याचा नव्हे. नेमका आकडा त्या इंजिनाच्या पुस्तिकेतलाच धरावा. ‘आणखी एक पाव आटा’ देण्याचा मोह इथे महागात पडतो; प्लॅस्टिकचे झाकण तडकते, ॲल्युमिनियममधले आटे जातात. काही दिवसांनी बोल्ट पुन्हा आवळण्याची गरज बुचाच्या पॅकिंगबरोबरच संपली, पण ती रीत अजून पाळली जाते.

पॅकिंग नवे असूनही पुन्हा गळती सुरू झाली तर बहुधा दोन कारणे असतात. एक, ब्रीदर किंवा त्यातला पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातला दाब सोडणारी झडप) गाळाने तुंबलेला असतो, त्यामुळे इंजिनात दाब वाढतो आणि सर्वांत कमजोर सांध्यातून ऑइल ढकलले जाते. दुसरे, झाकणच वाकलेले असते. काचेच्या सपाट तुकड्यावर ते उलटे ठेवले की फट दिसते. ओतकाम आणि यंत्रकामासाठी नावाजलेल्या बेळगावात ॲल्युमिनियमचे झाकण एखाद्या मशीन शॉपमध्ये घासून सपाट करून घेता येते; उद्यमबाग या तिथल्या औद्योगिक वसाहतीत अशी शॉप्स आहेत. प्लॅस्टिकचे असेल तर नवेच घ्यावे लागते.

सिलिकॉन वापरले असेल तर ट्यूबवर लिहिलेला वेळ जाऊ द्यावा. मग डिपस्टिक पाहून कमी झालेले ऑइल भरावे, इंजिन दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवून सगळा काठ टॉर्चने पाहावा, आणि रात्री गाडीखाली कोरडा पुठ्ठा ठेवावा. पहिले एक-दोन दिवस जळका वास येत राहिला तर लगेच पुन्हा उघडू नये. तो एक्झॉस्टवर आधी सांडलेल्या ऑइलचा असतो.