व्हिडिओत ‘ऑटो’ कसं आलं आणि मॅन्युअल परत का मागावं लागलं

उजेड मोजून स्वतःच अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक, ठरवणारा पहिला कॅमेरा फोटोचा होता: कोडॅकचा सुपर सिक्स-२०, साल १९३८. महाग असल्यामुळे तो फारसा खपला नाही. पन्नासच्या दशकात हीच सोय ‘इलेक्ट्रिक आय’ या नावाने घरगुती सिने-कॅमेऱ्यांत आली. एफ-नंबर (अ‍ॅपर्चरचं माप) म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही, त्यालाही मुलाचा वाढदिवस टिपता यावा, एवढाच हेतू. तो चांगलाच हेतू होता. पण फोटोत ऑटो चुकलं तर एक फोटो बिघडतो. व्हिडिओत ते चूक सुधारायला लागतं, तेही रेकॉर्ड होतं. पुढच्या सगळ्या ‘ऑटो की मॅन्युअल’ वादाचं मूळ इथे आहे.

नव्वदच्या दशकात नागपुरात लग्नाची कॅसेट काढणारे खांद्यावरचा व्हीएचएस कॅमेरा बहुतेक वेळ फुल ऑटोवरच ठेवत, आणि ते बरोबरच होतं. अंतरपाट दूर होतो त्या क्षणी आयरिस (अ‍ॅपर्चर लहान-मोठं करणारी पाती) फिरवत कोण बसणार? व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाचा रंग बदलला तरी पांढरं पांढरंच दिसावं अशी जुळवणी, मात्र जाणते शूटिंगवाले हाताने करत. पांढरा कागद समोर धरायचा, बटण दाबून ठेवायचं. केल्व्हिन या उजेडाच्या रंगाच्या मापात हॅलोजनचा पिवळसर उजेड ३२०० च्या आसपास, दुपारचं ऊन ५६०० च्या. मांडवातली मंडळी अंगणात आली की ऑटोला सावरायला काही सेकंद लागत आणि तेवढा वेळ नवरी निळसर दिसे.

खरी ठिणगी पडली २००८ मध्ये. ऑगस्टमध्ये निकॉनचा डी९० आणि सप्टेंबरमध्ये कॅननचा ५डी मार्क २ हे व्हिडिओही घेणारे फोटोचे कॅमेरे जाहीर झाले. मोठा सेन्सर (चित्र टिपणारी चिप), लेन्स बदलायची मुभा, मागची धूसर पार्श्वभूमी, सगळं सिनेमासारखं. पण ५डी मार्क २ मध्ये व्हिडिओ सुरू केला की अ‍ॅपर्चर, शटर (फ्रेमवर किती वेळ उजेड पडू द्यायचा) आणि आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा) कॅमेराच ठरवायचा. लोकांनी वाटा काढल्या. कुणी जुन्या निकॉन लेन्स अडॅप्टर लावून चढवल्या, कारण त्यांच्या अ‍ॅपर्चरची रिंग हाताने फिरते. कुणी अ‍ॅपर्चर हवं तिथे आणून लेन्स किंचित सैल फिरवली, म्हणजे कॅमेऱ्याशी असलेला तिचा विजेचा संपर्क तुटे आणि अ‍ॅपर्चर तिथेच राही. एवढ्या महागड्या कॅमेऱ्याची लेन्स अर्धवट सुटी ठेवून काम करावं लागणं, यावरूनच मागणी किती खरी होती ते कळतं. शेवटी जून २००९ मध्ये कॅननने नवं फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) दिलं आणि तिन्ही सेटिंग वापरणाऱ्याच्या हाती आली.

आपल्याकडे या बदलाला आणखी एक कारण होतं. भारतात वीज ५० हर्ट्झची, म्हणजे चोकवाली ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा उजळते-मंदावते. शटर १/५० किंवा १/१०० सेकंद असेल तर प्रत्येक फ्रेममध्ये उजेड सारखा पडतो. ऑटोने १/६० किंवा १/१२५ निवडलं की मंगल कार्यालयाच्या भिंतीवर काळसर पट्टे सरकू लागतात. ५डी मार्क २ सुरुवातीला सेकंदाला ३० फ्रेमच घेई. आपल्या टीव्हीच्या पाल पद्धतीचा २५ चा वेग त्यात मार्च २०१० मध्ये आला.

कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर कसा फसतो हे तान्ह्या पोळ्याला (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी) नागपुरात इतवारी-महालाकडे समोरच दिसतं. समोरचं सगळं मिळून मध्यम करडं आहे, असं मीटर धरून चालतो. मिरवणुकीतल्या काळ्या मारबतीने (मारबत म्हणजे मिरवून नेला जाणारा मोठा पुतळा) फ्रेम भरली की त्याला अंधार वाटतो. तो आयरिस उघडतो, काळी करडी पडते, मागचं आभाळ जळून जातं. पिवळी आली की उलट: ती मळकट, भोवतीचे चेहरे काळवंडलेले. दोघी समोरासमोर येतात, ‘घेऊन जा गे मारबत’चा गजर टिपेला पोचतो, आणि नेमकं तेव्हाच चित्र उजळ-मंद होत राहतं. एक्सपोजर (चित्रात घ्यायचा एकूण उजेड) आधीच लॉक केलं असेल, तर दोन्ही मारबती आपापल्या रंगात राहतात.

फोकसचा प्रवास मात्र उलटा झाला. २०१३ मध्ये कॅननच्या ७०डीत ड्युअल पिक्सल तंत्र आलं, आणि व्हिडिओत फोकस शोधत पुढे-मागे होणारी लेन्स बरीच शांत झाली. तेव्हापासून फोकस ऑटोवर सोडणारे अनुभवी लोकही वाढले. माझ्या मते ते योग्यच आहे.

मोबाइलमध्ये २०१४ साली आयओएस ८ आणि अँड्रॉइड ५ ने हे मॅन्युअल नियंत्रण अ‍ॅपना खुलं केलं. पण बहुतेक फोनचं अ‍ॅपर्चर बदलत नाही. मे महिन्यात फुटाळा तलावावर भर दुपारी शूट करताना उजेड आवरायला फोन शटरचा वेगच वाढवतो, पार १/१००० सेकंदाच्या पुढे, आणि धावणारी पोरं झटक्याझटक्याने हलताना दिसतात. आयएसओ १००, शटर १/५० आणि एफ २.८ वर तसंच ऊन झेलायचं तर सहा स्टॉप कापावे लागतात, म्हणजे उजेड सहा वेळा निम्मा करावा लागतो. म्हणून आज फोनच्या लेन्सवरही उजेड ६४ पट कमी करणारी एनडी-६४ ची काच चढते.