खाणीतली पांढरी पूड

कोळशाच्या खाणीत स्फोट झाला की बातमीत हमखास 'मिथेनचा स्फोट' छापून येतं. हे अर्धंच खरं. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन असेल तर तो ठिणगीनं पेटतो, पण साचलेला वायू जळून गेला की खेळ संपतो. मैलोन्मैल बोगदे भाजून काढते ती कोळशाची धूळ. उत्तर फ्रान्समधल्या कूरिएर खाणीत वायू जवळजवळ सापडत नसे, म्हणून आत उघड्या ज्योतीचे दिवे चालत. १० मार्च १९०६ला तिथे १,०९९ माणसं गेली.

धूळ लागते तरी किती? बोगदा ४ मीटर रुंद, २.५ मीटर उंच धरा. मीटरभर लांबीत १० घनमीटर हवा. घनमीटरला साधारण ५० ग्रॅम बारीक धूळ उडाली की पेट घेते. म्हणजे अर्धा किलो. छत, भिंती, जमीन मिळून १३ चौरस मीटरवर ती बसली, तर थर जेमतेम ०.१ मिलिमीटर. वहीच्या कागदाएवढा!

बसलेली धूळ स्फोट करत नाही, ती आधी उडावी लागते. ते काम पहिला लहान स्फोट करतो. दाबाची लाट ज्योतीच्या पुढे पळते, धूळ उठवते. मागून ज्योत पोचते, धूळ जळते, दाब आणखी वाढतो.

म्हणून बोगद्यात चुनखडीची पूड मारतात. तीच लाट हिलाही उडवते. दगडाचे कण जळत नाहीत, नुसती उष्णता ओढून घेतात. शेजारचा कोळशाचा कण पेटण्याइतका तापतच नाही. अमेरिकेत धुळीतला ८० टक्के भाग न जळणारा हवा, म्हणजे ढोबळमानाने किलोभर कोळशाला चार किलो पूड. तीत सिलिका (वाळूतलं खनिज) कमी हवी, नाहीतर फुप्फुसं जातात. ओल लागून ढेकळं झाली तर पूड उडत नाही, मग ती असून नसल्यासारखी.

खरी गोम पुढेच. कोळसा कापणं थांबत नाही, नवी काळी धूळ पांढऱ्यावर बसत राहते आणि लाट वरचा थर आधी उचलते. खाली पूड आणि कोळशाच्या धुळीचं २० मिलिमीटर चांगलं मिश्रण असूनही वरच्या ०.१२ मिलिमीटर धुळीनं स्फोट पुढे नेल्याचं चाचण्यांत दिसलं आहे. 'स्मार्ट' मिथेन सेन्सरच्या जाहिराती करणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं: छताच्या खाचेत बसलेली धूळ त्याला दिसत नाही. खाणीच्या तोंडाशी फोडलेल्या नारळालाही नाही.

वेस्ट व्हर्जिनियातल्या अप्पर बिग ब्रांच खाणीत २०१०मध्ये २९ जण गेले. चौकशीत निघालं काय? कापणी यंत्राचे दाते झिजलेले, पाण्याच्या फवाऱ्यांची तोंडं गायब, आणि पूड अपुरी.