सोयाबीनवरचा परका ढेकूण: बांध आणि बंदर

सोयाबीनवरचा हिरवा ढेकूण आपल्या शेतकऱ्याला नवा नाही. अमेरिका-युरोपात धुमाकूळ घालणारा तपकिरी दुर्गंधी ढेकूण, हॅलिओमॉर्फा हॅलिस, मात्र वेगळा. मूळचा चीन, जपान, कोरियाकडचा. १९९० च्या दशकाच्या मध्यात तो पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनला पोहोचला. त्याची नेमकी ओळख पटायला २००१ साल उजाडले. २०१० मध्ये अमेरिकेच्या मध्य-अटलांटिक पट्ट्यात एकट्या सफरचंदाचे ३.७ कोटी डॉलरचे नुकसान झाले, तेव्हा कुठे सगळे जागे झाले.

सोयाबीनमध्ये तो दाणा भरताना सोंड खुपसतो. दाणा सुरकुततो, शेंगा पोचट राहतात आणि काढणीला आलेल्या पिकाची खोडे-पाने हिरवीच राहतात. कंबाइनला हे हिरवे खोड कापवत नाही. हा ढेकूण शेजारच्या झाडीतून किंवा वाळत चाललेल्या मक्यातून येतो आणि बहुधा कडेलाच थांबतो. म्हणून अमेरिकेतल्या विद्यापीठांनी कडेचा ४० फुटांचा, म्हणजे साधारण १२ मीटरचा पट्टाच फवारून पाहिला आणि तेवढ्याने भागले. सगळे शेत फवारण्यात पैसा जातो, मित्रकीटकही जातात. चुका होतात त्या मोजणीत. चाहूल लागताच ढेकूण टपकन खाली पडतो, त्यामुळे झाडाला हात न लावता, जरा लांबूनच मोजावे. पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकाने उताणे पडलेले बरेच ढेकूण पुढे सावरतात. लगेच ‘मेले’ म्हणून धरले की हिशेब चुकतो. त्याच्या अंड्यांवर जगणारी सामुराई गांधीलमाशी २०१४ मध्ये अमेरिकेत आपोआप आलेली आढळली.

थंडीत तो कोरड्या फटीत दाटीवाटीने बसतो: मोटारी, यंत्रे, फरशांचे खोके. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यूझीलंडने जपानहून मोटारी घेऊन आलेली जहाजे याच कारणाने परत पाठवली. जोखमीच्या देशांतून १ सप्टेंबर ते ३० एप्रिलदरम्यान निघालेल्या ठरावीक मालावर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये प्रक्रिया सक्तीची आहे. एक पर्याय ५६ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे उष्णता. दुसरा मिथाइल ब्रोमाइडची धुरी, १० अंशांच्या वर, घनमीटरला २४ ग्रॅम, २४ तास. प्लास्टिकचे वेष्टन न उघडता धुरी दिली तर वायू आत पोहोचतच नाही.

मुंबईला धुरी जुनीच. कापसाची बोंडे पोखरणारा मेक्सिकन बोंड भुंगा येऊ नये म्हणून १९०६ मध्ये आयात कापसाच्या गाठींना ती सक्तीची झाली, १९१४ मध्ये परक्या किडी रोखण्याचा कायदा आला, आणि आज शिवडीच्या हाजी बंदर रस्त्यावर आयात वनस्पतिमाल किडींसाठी तपासणारे वनस्पती संगरोध केंद्र आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये १२ लाख टन जनुकीय सुधारित सोयापेंडीच्या आयातीला परवानगी मिळाली, तेव्हा ठरवून दिलेल्या वाटांत न्हावा शेवा होते. तेल काढलेल्या पेंडीत जिवंत ढेकूण टिकत नाही. पाहायचे ते कंटेनरच्या दाराचे रबर, तळाचे कोपरे आणि लाकडी पॅलेटच्या फटी.