अनिश्चित काळातील संस्थात्मक परिवर्तन

बाजारभाव, सरकारी धोरण किंवा तंत्रज्ञान उद्या कोणते वळण घेईल हे कळत नसताना संस्थेच्या कामाची पद्धत आणि त्यातील माणसांच्या सवयी बदलत नेण्याच्या जबाबदारीला अनिश्चित काळातील परिवर्तनाचे नेतृत्व म्हणतात. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी १९४७ मध्ये अशा बदलाचे जुनी घडी सैल करणे, बदल करणे आणि नवी घडी बसवणे असे तीन टप्पे मांडले. अडचण अशी की, नवी घडी बसण्याआधीच परिस्थिती पुन्हा पालटते.

नागपूरची एम्प्रेस मिल हे या विषयाचे अतिशय बोलके उदाहरण आहे. अमेरिकेतील यादवी संपताच १८६५ मध्ये कापसाचे भाव कोसळून मुंबईतील कित्येक पेढ्या बुडाल्या होत्या. ती झळ स्वतः सोसलेल्या जमशेटजी टाटांनी गिरणीसाठी मुंबई न निवडता कापसाचा मुलूख निवडला आणि १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात गिरणी सुरू केली. व्यवस्थापक म्हणून आणलेले बेझनजी मेहता रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातले होते. सूतकताईचा त्यांना अनुभव नव्हता. पुढे सूत कातण्याच्या नव्या रिंग चात्या निघाल्या तेव्हा लँकेशायरचे गिरणीमालकही साशंक होते. जुन्या म्यूल यंत्रावर चात्यांचा गाडा पुढे सरकताना सूत आधी ओढून पिळले जाई आणि तो मागे येताना गुंडाळले जाई. रिंगवर पीळ आणि गुंडाळणी न थांबता एकदमच होत असे. तरीही सगळी गिरणी एकदम न बदलता आधी मोजक्या यंत्रांवर चाचणी घेण्यात आली. कामगारांची वरचेवर होणारी गैरहजेरी ही दुसरी डोकेदुखी होती. तिच्यावर केवळ दंडाचा बडगा न उगारता बक्षिसे, निवृत्तिवेतन निधी आणि १९०१ मध्ये भविष्य निर्वाह निधी असे उपाय योजले गेले. माणसाला उद्याची भाकरी निश्चित दिसली की तो आजचा बदल सोसतो, हे या गिरणीने फार लवकर ओळखले होते.

शासकीय संस्थांना असाच हादरा १९५६ मध्ये बसला. राज्य पुनर्रचनेत १ नोव्हेंबरला जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असलेल्या नागपूरचे राजधानीपद गेले आणि कर्मचाऱ्यांची वाटणी होऊन अनेकांना भोपाळ वा मुंबईला बिऱ्हाड हलवावे लागले. विदर्भाला मराठी राज्यात सामील करण्याविषयीच्या १९५३ च्या नागपूर करारात विधिमंडळाचे वर्षाला एक अधिवेशन नागपुरात घेण्याचे आश्वासन आधीच लेखी आले होते, म्हणून या उलथापालथीतही शहराला धरून राहण्यासारखे काही उरले. हिवाळी अधिवेशन त्यातूनच आले.

नागपूरजवळच्या बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या कारखान्यात आजही बदलाची पहिली बातमी सूचना फलकाआधी फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर पोहोचते. त्यामुळे काय ठरले, काय ठरायचे आहे आणि पुढची माहिती कोणत्या तारखेला मिळेल, हे तिन्ही पाळ्यांना प्रमुखाने स्वतः सांगावे लागते.