राजाने बोलावली तरच भरणारी सभा

इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीने १५५८ ते १६०३ अशी सुमारे ४५ वर्षे राज्य केले, पण या काळात पार्लमेंटची अधिवेशने झाली ती अवघी १३, आणि त्या सगळ्यांचे दिवस एकत्र केले तरी तीन वर्षे भरत नाहीत. पार्लमेंट केव्हा बोलवायचे आणि केव्हा विसर्जित करायचे, हे सर्वस्वी राजाच्या इच्छेवर होते. तरीही ही सभा राजाला टाळता येत नव्हती, कारण नवा कर बसवणे आणि सर्वांना बांधील असा कायदा करणे या दोन गोष्टींसाठी तिची संमती लागत असे.

पार्लमेंटचे वजन वाढवले ते एका राजानेच. रोमच्या पोपशी संबंध तोडताना एलिझाबेथचे वडील आठव्या हेन्री यांनी केवळ स्वतःच्या फर्मानावर भिस्त ठेवली नाही. १५२९ ते १५३६ या काळातील पार्लमेंटकडून त्यांनी त्यासाठी कायदेच करून घेतले. राजाने स्वतःच्या सोयीसाठी उचललेले हे पाऊल फार दूरगामी ठरले, असे मला वाटते, कारण धर्मासारखा विषयही पार्लमेंटच्या कायद्याने ठरू शकतो, हे त्यातून सिद्ध झाले.

खरी ओढाताण पैशांची होती. किमती वाढत होत्या, पण करासाठी दाखवले जाणारे उत्पन्न जुनेच राहत असे. खुद्द राणीचे खजिनदार विल्यम सेसिल यांच्या नावावर वर्षाला सुमारे १३३ पौंड एवढेच उत्पन्न लावलेले होते, प्रत्यक्षात ते त्याच्या कितीतरी पट होते. पंधराव्या शतकापासून नव्या राजाला आयात-निर्यातीवरील जकात तहहयात मंजूर करण्याचा प्रघात पडला होता. १६२५ मध्ये पार्लमेंटच्या निवडून आलेल्या सदस्यांच्या, म्हणजे कॉमन्स सभागृहाने नवा राजा पहिल्या चार्ल्सला ती फक्त एका वर्षासाठी देऊ केली. राजाने मंजुरीविनाच ती वसूल करणे चालू ठेवले. २ मार्च १६२९ रोजी, राजाज्ञेप्रमाणे सभा तहकूब करण्यासाठी सभापती जॉन फिंच उठू लागले, तेव्हा डेन्झिल हॉलिस आणि बेंजामिन व्हॅलेंटाइन या सदस्यांनी त्यांना धरून खुर्चीत बसवले, दाराला कुलूप घातले गेले आणि बेकायदा जकात भरणाराही देशाचा शत्रू होय, असा ठराव झाला. या विरोधाचे अग्रणी जॉन एलियट यांचा १६३२ मध्ये लंडनच्या टॉवर या किल्ल्यात कैदेतच अंत झाला.

त्यानंतर ११ वर्षे चार्ल्सने पार्लमेंट बोलावलेच नाही. १६४० मध्ये मात्र स्कॉटिश फौजेने उत्तर इंग्लंड व्यापले आणि तहानुसार तिच्या खर्चासाठी दररोज ८५० पौंड देणे भाग पडले. एवढा पैसा पार्लमेंटवाचून उभा राहणे शक्य नव्हते. नोव्हेंबरमध्ये सभा भरली, आणि पुढच्या मे महिन्यात, तिच्या स्वतःच्या संमतीविना तिचे विसर्जन करता येणार नाही, या कायद्याला चार्ल्सला मान्यता द्यावी लागली.