स्वस्त मेकॅनिकल कीबोर्ड: दिवे सोडा, स्विच बघा

माझ्या जुन्या कीबोर्डवरचं ‘ई’चं बटण एक दिवस दोनदा उमटायला लागलं. दर वेळी नाही, दहा-पंधरा वेळांतून एकदा. त्यामुळे आठवडाभर मी माझ्याच बोटाला दोष देत होतो. मग कीबोर्ड उघडला, सोल्डरिंग गन तापवली आणि तेवढा एक, त्या बटणाखालचा स्विच बोर्डावरून सोडवला. मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाला असा स्वतंत्र स्विच असतो. डाख दोनच ठिकाणी होता, पण अख्खी संध्याकाळ गेली.

सुटा स्विच हातात घेतला की तो किती साधा आहे ते कळतं. वरचं झाकण चार आकड्यांनी अडकवलेलं असतं. दोन बाजूंनी चिमट्याची टोकं घातली की टक्कन सुटतं. आत मधोमध वरखाली सरकणारा प्लॅस्टिकचा दांडा, त्याच्याखाली बॉलपेनातल्यापेक्षा आखूड स्प्रिंग आणि एका बाजूला धातूच्या दोन बारीक पात्या. बस्स. बटण वर असतं तेव्हा दांड्याचे दोन पाय एका पातीला मागे रेटून धरतात. बटण दाबलं की पाय खाली सरकतात, ती पाती मोकळी होते आणि दुसरीला जाऊन टेकते. मला याची गंमत वाटली. इतकी वर्षं समजत होतो, आपण जोर लावून दोन पत्रे एकमेकांवर दाबतो. प्रत्यक्षात बोट फक्त अडसर काढतं, टेकायचं काम पाती स्वतःच्या ताणाने करते. बटण कितीही आपटा, पाती तेवढ्याच जोराने टेकणार.

साध्या, म्हणजे मेम्ब्रेन कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाखाली रबराचा घुमट असतो आणि त्याखाली प्लॅस्टिकचे तीन पातळ थर. वरच्या आणि खालच्या थरावर वीज वाहून नेणाऱ्या शाईच्या रेघा, मधल्या थराला भोकं. घुमट पुरता दबला की वरचा थर भोकातून खालच्याला भिडतो आणि अक्षर उमटतं. थोडक्यात, अक्षर हवं तर बटण तळाला न्यावंच लागतं. मेकॅनिकल स्विचमध्ये बटण एकूण ४ मिलिमीटर खाली जाऊ शकतं, पण पाती टेकते साधारण २ मिलिमीटरवरच. उरलेले २ मिलिमीटर बोटाला आवरायला मिळतात. मेकॅनिकल कीबोर्डचं जे कौतुक होतं, त्यातलं बरंचसं या अर्ध्या वाटेवरच्या टेकण्यात आहे.

आणि ते स्वस्तातही मिळतं, हा आपला फायदा. अधिकच्या चिन्हासारखा दांडा असलेला हा स्विच चेरी या कंपनीने १९८०च्या दशकात ‘एमएक्स’ नावाने आणला. त्याच्या पेटंटची मुदत संपली आणि गेटरॉन, काइल, आउटेमू अशा चिनी कंपन्या त्याच मापाचे स्विच बनवू लागल्या. त्यातले काही मूळ चेरीपेक्षाही गुळगुळीत चालतात, असं माझं मत आहे. तेव्हा कमी किमतीच्या कीबोर्डमध्ये स्विच फालतूच असणार, ही समजूत आता जुनी झाली. सावध राहायचं ते दुसऱ्या गोष्टीपासून. खोक्यावर ‘मेकॅनिकल फील’ लिहिलेलं असेल तर त्यातल्या ‘फील’ या शब्दाकडे लक्ष द्या. तो बहुतेक वेळा रंगीत दिवे लावलेला रबरी घुमटच असतो. खात्री करायची तर एक कीकॅप, म्हणजे बटणाची वरची टोपी, उपटून बघा. खाली चौकोनी, वेगळा बसवलेला, बहुधा बनवणाऱ्याचं नाव कोरलेला स्विच दिसला पाहिजे.

आता त्या दांड्याच्या पायांकडे पुन्हा वळू, कारण स्विचच्या प्रकारांना दिलेल्या लाल-तपकिरी-निळ्या रंगांची सगळी चर्चा त्या पायांच्या आकारावर चालते. पायांचा उतार सरळ असेल तर बटण कुठेही न अडखळता खाली जातं. हा लिनियर, चेरीच्या भाषेत लाल. उतारावर बारीक उंचवटा असेल तर पाती त्यावरून घसरताना बोटाला हलकी अडखळ जाणवते. हा टॅक्टाइल, म्हणजे तपकिरी. आणि दांड्यावर एक सैल तुकडा बसवलेला असेल, तो उंचवटा ओलांडताच पुढे सटकून आपटत असेल, तर ‘टिक’ ऐकू येतं. हा क्लिकी, निळा. इतर कंपन्या साधारण हेच रंग पाळतात, पण त्यांच्यावर बंधन काहीच नाही. म्हणून रंगाबरोबर प्रकार आणि जोर वाचून घ्यावा.

जोर सेंटिन्यूटनमध्ये मोजतात आणि एक सेंटिन्यूटन म्हणजे ढोबळमानाने एक ग्रॅम वजन. चेरीच्या लाल स्विचला ४५ लागतात, काळ्याला (हाही लिनियरच) ६०. गोल्फचा चेंडू नियमानुसार ४५.९३ ग्रॅमहून जड असू शकत नाही. तो लाल बटणावर अलगद ठेवला तर अक्षर जेमतेम उमटेल. काळ्या बटणावर टेनिसचा चेंडू ठेवला तरी थोडक्यात कमी पडेल. हा फरक दुकानात दोन बटणं दाबून कळत नाही, तासभर लिहिल्यावर करंगळीला कळतो.

गेम खेळणारे लिनियर का निवडतात, याचं कारण परत येण्याच्या वाटेवर आहे. लिनियरमध्ये बटण जिथे उमटतं, जवळपास तिथेच सुटतं. त्यामुळे त्या जागेच्या आसपास बोट नुसतं थरथरवलं तरी ते पटापट उमटत राहतं. क्लिकीत तो सैल तुकडा मागे फिरल्याशिवाय स्विच सुटत नाही. बटण बरंच वर आणावं लागतं, तेव्हा कुठे ते दुसऱ्यांदा उमटतं. टायपिंगमध्ये याने काही बिघडत नाही. उलट ‘अक्षर गेलं, आता पुढचं’ असा निरोप बोटाला मिळतो तो त्या टिकमुळेच. फक्त तो निरोप ऑनलाइन मीटिंगमधल्या सगळ्यांनाही मिळतो. दोन्ही कामं एकाच कीबोर्डवर करायची असतील तर मी हलका टॅक्टाइल घेईन. तपकिरीची अडखळ इतकी पुसट असते की शौकीन त्याला ‘वाळू गेलेला लाल’ म्हणून चिडवतात. त्यात तथ्य आहे, पण दिवसभर लिहिणाऱ्याला तेवढी खूण पुरते. दिवसातले चार तास शूटर गेममध्ये जात असतील तर मात्र सरळ लिनियर घ्यावा.

माझ्या ‘ई’चं काय झालं होतं? पाती टेकते म्हणजे एकदा टेकून गप्प बसते असं नाही. फरशीवर टाकलेल्या गोटीसारखी ती काही क्षण उडत राहते, जोडली, सुटली, जोडली. हे सगळं काही मिलिसेकंदांत उरकतं. आपल्याला ते एकच दाबणं वाटतं, पण चिपला ती चार-पाच दाबणी दिसतात. म्हणून कीबोर्डच्या प्रोग्रॅममध्ये थोडा वेळ थांबून बघण्याची सोय असते. क्यूएमके या मुक्त फर्मवेअरमध्ये (कीबोर्डच्या चिपमधल्या प्रोग्रॅममध्ये) ही मुदत ठरवून न दिल्यास ५ मिलिसेकंद असते. पातीवर धूळ बसली किंवा तिचा पृष्ठभाग खराब झाला की उडणं लांबतं, मुदतीबाहेर जातं आणि एका ‘ई’चे दोन होतात. स्विच ५ कोटी वेळा दाबला तरी टिकतो असं खोक्यावर लिहिलेलं असतं. रोज ५ हजार वेळा ‘ई’ दाबला तर ५ कोटींना २७ वर्षं लागतात. माझा त्याच्या कितीतरी आधी गेला, आणि उघडून पाहिल्यावर आत डोळ्यांना काहीच वावगं दिसलं नाही. म्हणून खोक्यावरच्या कोटींवर मी फारसा भाळत नाही.

दुसरा भुलवणारा आकडा पोलिंग रेटचा. कॉम्प्युटर कीबोर्डला सेकंदात किती वेळा ‘काही नवीन?’ असं विचारतो, तो हा आकडा. साधा यूएसबी कीबोर्ड बहुधा १२५ वेळा, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी उत्तर देतो. गेमिंगचे १००० वेळा, आणि आता ८००० वेळा म्हणणारेही आले आहेत. बटण दोन विचारण्यांच्या मध्ये कधीही दाबलं जाऊ शकतं, म्हणून सरासरी खोळंबा त्या अंतराच्या निम्मा धरायचा. १२५ वर ४ मिलिसेकंद, १००० वर अर्धा. म्हणजे साडेतीन मिलिसेकंद वाचले. तिथून ८००० वर गेलात तर अर्ध्याहूनही कमी. तुमचा पडदा ६० हर्ट्झचा असेल तर नवं चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी येतं, १४४ हर्ट्झचा असेल तर दर ६.९ ने. आणि पडद्यावर काही दिसल्यावर बोट हलायला माणसाला २०० मिलिसेकंदांच्या आसपास लागतातच. १००० पुरेत. त्यापुढचे पैसे जास्त हर्ट्झच्या पडद्यासाठी राखून ठेवा. वायरलेस हवा असेल तर खेळताना ब्लूटूथ नको, सोबत मिळणारा, यूएसबीत खोचायचा २.४ गिगाहर्ट्झचा छोटा डोंगल किंवा सरळ केबल वापरा.

एक चाचणी आत्ता, तुमच्या सध्याच्या कीबोर्डवर करून बघा. दोन्ही शिफ्ट दाबून धरा आणि इंग्रजी ए ते झेड टाइप करा. बऱ्याच साध्या कीबोर्डवर काही अक्षरं उमटतच नाहीत. कारण असं की शंभरावर बटणांना शंभर वेगळ्या तारा ओढत नाहीत. बटणं आडव्या ओळी आणि उभ्या रांगांच्या जाळीवर बसवतात. चिप एकेका ओळीत वीज सोडते आणि कोणत्या रांगेतून बाहेर येते ते पाहते. आता जाळीत चौकोन करणारी चार बटणं घ्या आणि त्यातली तीन एकदम दाबा. वीज त्या तिघांतून वळसा घालून चौथ्याच्या रांगेत पोचते आणि चिपला न दाबलेलं बटण दाबल्यासारखं दिसतं. याला घोस्टिंग म्हणतात. साधे कीबोर्ड हे भूत टाळण्यासाठी संशय आला की तिसरं बटणच नाकारतात, म्हणून अक्षरं गळतात. मेकॅनिकलमध्ये सहसा प्रत्येक स्विचजवळ एक डायोड असतो. तो वीज एकाच दिशेने जाऊ देतो, त्यामुळे वळसा बंद.

एका वेळी किती बटणं ओळखली जातात हे सांगणारी ‘६ की’ की ‘सगळ्या की’ ही खोक्यावरची पाटी वेगळी. यूएसबीच्या मूळ, साध्या पद्धतीत कीबोर्ड ८ बाइटचा निरोप पाठवतो. एक बाइट शिफ्ट-कंट्रोलसारख्या बटणांसाठी, एक राखीव आणि उरलेल्या सहात सहा बटणं. पळताना, वाकताना, उडी मारताना आणि बंदूक बदलतानाही सहाच्या वर जायला बोटं कमी पडतात. तालावर बटणं दाबायचे गेम खेळत असाल किंवा कीबोर्डवर स्टेनो करत असाल, तरच सगळ्या कींची पाटी शोधा.

स्वस्त कीबोर्ड खरा उघडा पडतो तो स्पेसबारवर. लांब बटण कडेला दाबलं तर तिरकं होऊ नये म्हणून त्याखाली तारेचा एक कंस असतो, स्टॅबिलायझर. ही तार प्लॅस्टिकच्या खाचेत सैल बसली की दर शब्दामागे खडखड. घेण्याआधी स्पेस, एंटर आणि बॅकस्पेस दाबून नीट ऐका. घरी आणल्यावर तारेच्या टोकांना डायइलेक्ट्रिक ग्रीस लावलं की आवाज पुष्कळ मरतो. पोकळ ढाच्याचा घुमणारा आवाज खाली जाड डेस्क मॅट घातल्यानेही कमी होतो.

कीकॅप दोन प्लॅस्टिकांच्या असतात. एबीएस, ज्याचे लेगोचे ठोकळे बनतात, आणि पीबीटी. एबीएसच्या कॅप काही महिन्यांत चमकायला लागतात. ते बोटाचं तेल नव्हे, बोटाच्या घर्षणाने खरखरीत पृष्ठभाग झिजून सपाट झालेला असतो. पीबीटी कमी झिजतं, पण साच्यात थंड होताना जास्त आकसतं. त्यामुळे स्वस्त संचातला लांब स्पेसबार वाकडा निघण्याची शक्यता असते. टेबलावर उपडा ठेवून डोळ्यांच्या रेषेत बघावा. अक्षरं नुसती वर छापलेली असतील तर घेऊच नका.

गेल्या काही वर्षांत चुंबकीय स्विच स्वस्त होत आले आहेत. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेला परिणाम त्यात वापरतात. दांड्यात चुंबक, बोर्डावर संवेदक, मध्ये पाती नाहीच. पाती नाही म्हणून उडणं नाही, आणि बटण कितपत दबलंय हेही कळतं. त्यामुळे बोट जरासं उचलताच बटण सुटलं असं धरता येतं, याला रॅपिड ट्रिगर म्हणतात. शूटर गेममध्ये याचा फायदा खरा आहे. त्याच्या पुढची पायरी म्हणजे उलट दिशांची (डावी-उजवी) दोन बटणं एकदम दाबली तर कोणतं धरायचं ते कीबोर्डनेच परस्पर ठरवणं. ती इतकी उपयोगी ठरली की ऑगस्ट २०२४ मध्ये वाल्व्ह या गेम कंपनीने काउंटर-स्ट्राइक २ या शूटर गेमच्या आपल्या सर्व्हरवर तिला मनाई केली. टायपिंगसाठी मात्र यात विशेष काही मिळत नाही. बटण अर्ध्या मिलिमीटरवर उमटेल असं लावलंत तर नुसतं टेकवलेलं बोटही लिहायला लागतं.

आकाराबद्दल थोडक्यात. आकडेमोड करत असाल तर १०४ बटणांचा, नाहीतर नंबर पॅड नसलेला ८७ चा. माऊस हाताजवळ येतो, खेळताना कोपर मोकळं राहतं. ६१ बटणांचा दिसायला गोड, पण बाणांसाठी दर वेळी दोन बटणं दाबावी लागतात. मी दोन आठवड्यांत कंटाळलो.

माझा आत्ताचा कीबोर्ड हॉट-स्वॅप आहे, म्हणजे स्विच डाख न देता सॉकेटमध्ये खोचायचे. कमी पैशांत एकच सोय निवडायची झाली तर मी दिवे, नॉब, सॉफ्टवेअर सगळं सोडून हीच निवडेन. घेताना सॉकेट ३ पिनचं आहे की ५ पिनचं ते बघा. ५ पिनचा स्विच ३ पिनच्या बोर्डात बसवायला खालची दोन प्लॅस्टिकची टोकं नेलकटरने कापावी लागतात. मागच्या महिन्यात याही कीबोर्डवरचं एक बटण दोनदा उमटायला लागलं. या वेळी ‘एस’. चिमट्याने स्विच ओढला, नवा खोचला, मिनिटभराचं काम. घाईत पहिल्यांदा तिरका घातला आणि तांब्याची पिन दुमडली. ती चिमट्याने सरळ करता येते. दुसऱ्यांदा दुमडली तर तुटते, म्हणून आता आधी दोन्ही पिना सरळ आहेत का ते उजेडाकडे धरून बघतो.