कोंबडीच्या गाठीपासून ११ अमिनो ॲसिडच्या तुकड्यापर्यंत: एलसीकेच्या क्रिस्टलमागची गोष्ट

१९९३ साली हार्वर्डमध्ये स्टीफन हॅरिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या एलसीके या प्रोटीनच्या एका छोट्या भागाचं क्रिस्टल स्ट्रक्चर, म्हणजे क्रिस्टलवर एक्स-रे टाकून काढलेला आकार, नेचर या विज्ञानाच्या मासिकात छापलं. एलसीके आपल्या टी सेलमध्ये, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशीत असतं, बाहेरून आलेला निरोप आत पोचवायच्या साखळीतला सुरुवातीचा गडी. त्याच्या या भागाचं नाव एसएच२, आणि क्रिस्टलमध्ये तो नुसता नव्हता, ११ अमिनो ॲसिडचं (प्रोटीन ज्या मण्यांची माळ असते ते मणी) एक पेप्टाइड, म्हणजे अशा माळेचा छोटा तुकडा, धरून बसला होता. मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे पेप्टाइडच, कारण नुसत्या प्रोटीनचा आकार कळला असता तरी ते कुणाला धरतं आणि कुणाला सोडून देतं हे कळलं नसतं, आणि खरा प्रश्न तोच होता.

एसएच२ची गोष्ट सुरू होते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये, एका प्लायमाउथ रॉक जातीच्या कोंबडीपासून. तिच्या छातीवर गाठ होती. पेटन राउस यांनी ती गाठ वाटून इतक्या बारीक फिल्टरमधून गाळली की सेल आणि बॅक्टेरिया दोन्ही मागे राहतील, आणि तो गाळलेला रस दुसऱ्या कोंबड्यांना टोचला तर त्यांनाही कॅन्सर झाला. हे १९११ साली छापून आलं. व्हायरसमुळे कॅन्सर होतो हे पचायला लोकांना इतका वेळ लागला की राउसना नोबेल मिळालं ते १९६६ मध्ये, तब्बल ५५ वर्षांनी.

त्या व्हायरसमधलं कॅन्सर करणारं जीन म्हणजे सार्क. १९७६ मध्ये बिशप आणि वार्मस यांच्या लॅबने दाखवलं की हे जीन मुळात व्हायरसचं नाहीच, कोंबडीच्या स्वतःच्या सेलमधलं आहे, व्हायरसने ते उचललंय. मग कळलं की सार्क प्रोटीन हे कायनेज आहे, म्हणजे दुसऱ्या प्रोटीनवर फॉस्फेट चिकटवतं. पण चिकटवतं कुठे? तोवर माहीत होती सेरीन आणि थ्रिओनीन या दोन अमिनो ॲसिडची दोनच ठिकाणं.

इथे जरा थांबतो, कारण पुढचा प्रसंग मला फार आवडतो. १९७९, कॅलिफोर्नियातलं साल्क इन्स्टिट्यूट. टोनी हंटर उंदराच्या पॉलिओमा व्हायरसच्या मिडल टी या प्रोटीनवर काम करत होते. फॉस्फेट लागलेली अमिनो ॲसिड वेगवेगळ्या ठिपक्यांत वेगळी करायला ते जो बफर (पीएच, म्हणजे आंबटपणा, कायम ठेवणारं द्रावण) वापरायचे त्याचा पीएच १.९ असायला हवा होता, पण बफर जुना झालेला, परत परत वापरलेला, त्याचा पीएच घसरून १.७ वर आला होता. ताजा बफर असता तर नवीन ठिपका थ्रिओनीनच्या ठिपक्यात मिसळून गेला असता, या शिळ्या बफरमध्ये तो वेगळा पडला. तो होता फॉस्फोटायरोसीन, म्हणजे टायरोसीन या तिसऱ्याच अमिनो ॲसिडवर लागलेलं फॉस्फेट. मग सार्क बघितलं तर तेही टायरोसीनवरच फॉस्फेट लावत होतं. नॉर्मल सेलमध्ये प्रोटीनवरच्या एकूण फॉस्फेटपैकी टायरोसीनवरचं जेमतेम ०.०५ टक्का असतं, तेव्हा आधी कुणाला दिसलं नाही यात नवल नाही.

खूण सापडली, आता ती वाचतं कोण? १९८६ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला टोनी पॉसन यांच्या ग्रुपला एक सुमारे १०० अमिनो ॲसिडचा पट्टा दिसला, सार्कमध्येही आणि एफपीएस नावाच्या दुसऱ्या कॅन्सरकारक प्रोटीनमध्येही, त्याला नाव दिलं एसएच२. १९९० च्या आसपास नक्की झालं की हा पट्टा फॉस्फेट लागलेल्या टायरोसीनला जाऊन धरतो आणि फॉस्फेट काढलं की सोडतो. माणसात असे सुमारे १२० एसएच२ आहेत. मग १२० जणांनी एकाच खुणेवर झडप घातली तर सेलमध्ये नुसता गोंधळ व्हायला हवा, तो होत नाही, तर का होत नाही?

१९९२ मध्ये रॉकफेलरलाच जॉन कुरियन यांच्या लॅबमधून पहिलं क्रिस्टल आलं, व्हायरसच्या सार्कचं एसएच२, सोबत पेप्टाइड. (कुरियन भारतात जन्मलेले, कॉलेजची पहिली दोन वर्षं मद्रास युनिव्हर्सिटीत, मग अमेरिका.) फॉस्फोटायरोसीन एका खोल खोबणीत उतरलेला आणि तळाशी आर्जिनिन हे एसएच२ चंच एक अमिनो ॲसिड त्याच्या फॉस्फेटला दोन्ही हातांनी धरून. सेरीन किंवा थ्रिओनीन आखूड, त्यांच्यावरचं फॉस्फेट त्या तळापर्यंत पोचतच नाही. अर्धं उत्तर मिळालं. पण ही पेप्टाइड ढिली बसणारी होती, टायरोसीनच्या पुढची अमिनो ॲसिड प्रोटीनला फारशी टेकतच नव्हती, त्यामुळे निवड कशी होते ते दिसेना.

म्हणून घट्ट बसणारं पेप्टाइड शोधणं भाग होतं. लुईस कँटली यांच्या ग्रुपने टायरोसीनच्या पुढची जागा बदलत ठेवलेल्या पेप्टाइडांचं मोठं मिश्रण केलं आणि कोणतं एसएच२ त्यातून काय उचलतं ते बघितलं. सार्कच्या घराण्याला, ज्यात एलसीके पण येतं, आवडलं ते फॉस्फोटायरोसीन, ग्लुटामिक ॲसिड, पुन्हा ग्लुटामिक ॲसिड आणि मग आयसोल्युसिन. नेमका हाच क्रम हॅमस्टरच्या पॉलिओमा व्हायरसच्या मिडल टी मध्ये आयता होता, म्हणजे हंटरना टायरोसीन दाखवणाऱ्या प्रोटीनचाच भाऊबंद! एलसीकेच्या क्रिस्टलमधलं ११ चं पेप्टाइड तिथलंच.

आणि त्यात सगळं स्वच्छ दिसलं. पेप्टाइड ताणून सरळ आडवं पडलंय, फॉस्फोटायरोसीन आर्जिनिनच्या खोबणीत, मधली दोन ग्लुटामिक ॲसिड पृष्ठभागावरून जातायत, आणि तिसऱ्या जागेवरचं आयसोल्युसिन दुसऱ्या एका तेलकट खळग्यात घट्ट. दोन पिनांचा प्लग सॉकेटमध्ये बसावा तसं. कुरियन यांच्या लॅबनेही त्याच वर्षी सार्कसाठी हेच दाखवलं. पहिली पिन सगळ्यांची सारखी, दुसऱ्या पिनचं भोक प्रत्येक एसएच२ मध्ये थोडं वेगळं, म्हणून गोंधळ होत नाही.

१९९७ मध्ये सार्क जवळजवळ अख्खं दिसलं, तेव्हा कळलं की एरवी त्याचं एसएच२ स्वतःच्याच शेपटीवरचं फॉस्फोटायरोसीन धरून बसतं आणि कायनेज बंद राहतं. त्या शेपटीत तिसऱ्या जागेवर आयसोल्युसिन नाही, पकड मुद्दाम सैल, चांगला प्लग आला की शेपूट सुटते आणि सार्क चालू होतं. राउसच्या कोंबडीतल्या व्हायरसने सार्क उचललं खरं, पण त्याच्याकडच्या सार्कला ही शेवटची टायरोसीनवाली शेपूटच नाही.